होमस्टेड हायस्कूलमध्ये मुलांना घालताना: क्युपर्टिनो-सनीव्हेलला नव्याने येणाऱ्या आईबाबांसाठी

मध्यंतरी एका ओळखीच्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "ताई, स्टीव्ह जॉब्सच्या शाळेत ॲडमिशन मिळेल का? डोनेशन किती घेतात?" हसू आलं, पण सहा वर्षांपूर्वी डोंबिवलीहून निघताना मीही जवळपास हेच विचारलं होतं. उत्तर असं की ॲपलचे जॉब्स जिथे शिकले ते होमस्टेड हायस्कूल, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातलं, ही सरकारी शाळा आहे. फी नाही, मुलाखत नाही, डोनेशन नाही. घराचा पत्ता हद्दीत असला की प्रवेश मिळतो. अडचणी पुढे सुरू होतात, आणि त्या सगळ्या कागदांच्या, तारखांच्या आणि आपल्या डोक्यातल्या समजुतींच्या असतात.

आम्ही आलो तेव्हा मोठी दहावीची बोर्डाची परीक्षा देऊन आलेली, धाकटा सातवी संपवून. म्हणजे एक मूल भारतातले मार्क घेऊन थेट अकरावीत बसलं आणि दुसरं इथूनच नववीत गेलं. दोघांच्या चुका वेगळ्या झाल्या. त्या इथे क्रमाने देते.

१. आधी नावांचा गोंधळ सोडवा

होमस्टेड ज्या शाळा-जिल्ह्यात (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) येतं त्याचं नाव फ्रीमॉंट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट. याचा खाडीपलीकडच्या फ्रीमॉंट शहराशी काहीही संबंध नाही. तिथेही आपली भरपूर माणसं राहतात, त्यामुळे "फ्रीमॉंटला घर घेतलं की ही शाळा मिळते ना?" असं विचारणारे मला दोनदा भेटलेत. नाही मिळत.

दुसरी गोष्ट: आठवीपर्यंतच्या शाळा वेगळ्या जिल्ह्यांच्या, नववी ते बारावी या जिल्ह्याची. धाकटा आठवीत होता ती मिडल स्कूल वेगळ्या कार्यालयाखाली, मोठीचं हायस्कूल वेगळ्या. दोन घरं सांभाळल्यासारखं दोन कॅलेंडरं सांभाळावी लागली.

तिसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी: या जिल्ह्यात पाच हायस्कुलं आहेत. फ्रीमॉंट, क्युपर्टिनो, होमस्टेड, लिनब्रुक आणि मॉंटा व्हिस्टा. पत्त्यात 'क्युपर्टिनो' असलं म्हणून होमस्टेड मिळेलच असं नाही, आणि सनीव्हेलच्या कितीतरी पत्त्यांना होमस्टेड लागतं. लिनब्रुक तर सॅन होजेत आहे. घराचं लीज सही करायच्या आधी नेमका घरक्रमांक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर घालून शाळा तपासा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. रस्ता ओलांडला की शाळा बदलते.

२. पत्त्याचा पुरावा: इथे एवढी कडक तपासणी का?

पहिल्यांदा मला रागच आला होता. लीज, विजेचं बिल, आणखी एक सरकारी किंवा बँकेचा कागद, सगळ्यांवर पालकाचं नाव आणि तोच पत्ता. रेशनकार्ड काढतोय की शाळेत घालतोय?

कारण नंतर कळलं. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक जिल्ह्यांना राज्य सरकार मुलांच्या हजेरीच्या हिशेबाने पैसे देतं. मूल वाढलं की पैसे वाढतात. या जिल्ह्याचं तसं नाही. इथली घरं महाग, त्यामुळे स्थानिक मालमत्ता कर राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त जमतो आणि जिल्हा मुख्यतः त्यावरच चालतो. बाहेरचं एक मूल वाढलं तर खर्च वाढतो, पैसा नाही. म्हणून पत्ता कसून बघतात, आणि खोटा पत्ता सापडला तर मुलाला वर्षाच्या मध्यात शाळा सोडावी लागू शकते. "मावसभावाचा पत्ता देऊ" हा विचार मनातून काढून टाका. खरोखरच नातेवाइकांकडे राहत असाल तर तसं सांगा. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं.

खाचखळगा: कंपनी पहिला महिनाभर जे तात्पुरतं अपार्टमेंट देते, त्याच्या पत्त्यावर घाईघाईने नाव घालू नका. कायमचं घर दुसऱ्या हद्दीत मिळालं तर मुलाला पुन्हा उठवावं लागतं.

व्हिसा कोणता हे शाळा विचारत नाही. १९८२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सरकारी शाळांना मुलाच्या इमिग्रेशन स्थितीवरून प्रवेश नाकारता येत नाही. पासपोर्ट फक्त वयाचा पुरावा म्हणून चालतो.

३. कागदांची पिशवी (भारतातून निघण्याआधी भरा)

- मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट
- आठवीपासूनची सगळी गुणपत्रकं, शाळेच्या शिक्क्यासह. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- बोर्डाची श्रेणीपद्धती लेखी स्वरूपात
- लसीकरणाचं कार्ड, आणि त्याच्याच आधारे डॉक्टरांच्या लेटरहेडवर टाइप केलेली यादी
- लीज, युटिलिटी बिल, पालकांचं ओळखपत्र (हे इथे आल्यावर)

यातल्या श्रेणीपद्धतीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तिने आमची झोप उडवली होती. मोठीला शाळेत एका विषयात ७६ होते. आपल्याकडे ७५च्या वर डिस्टिंक्शन, ६०च्या वर फर्स्ट क्लास. इथल्या सर्वसाधारण पद्धतीत ७६ म्हणजे 'सी'. कागदावर नुसते आकडे गेले तर आपली डिस्टिंक्शनची पोरगी ढ दिसते. बोर्डाचे वर्ग कुठून कुठपर्यंत, हे छापील कागदावर काउन्सेलरच्या (शाळेतल्या मार्गदर्शकाच्या) समोर ठेवा आणि भारतातले मार्क ट्रान्स्क्रिप्टवर (इथल्या गुणपत्रकावर) कसे नोंदवणार ते स्वच्छ विचारा. शाळा सोडल्याचा दाखला आपण जिवापाड जपतो. त्याला इथे कोणी हातही लावला नाही.

४. लसी: तारखा, टीटी आणि बीसीजी

तीन गोष्टींत आपण अडकतो.

एक, तारखा. आमच्या कार्डावर ०४/०६ लिहिलं होतं, म्हणजे चार जून. इथल्या एका दवाखान्यात ते सहा एप्रिल म्हणून चढवलं गेलं आणि दोन डोसांतलं अंतर कमी दिसायला लागलं. 'अंतर अपुरं, डोस पुन्हा' असा शेरा आला. सगळ्या तारखा महिन्याचं नाव अक्षरांत लिहून आणा.

दोन, टीडॅप. सातवी आणि त्यापुढच्या मुलांना डांग्या खोकल्याचा अंश असलेला हा बूस्टर लागतो. आपल्याकडे दहाव्या वर्षी साधारण टीटी किंवा टीडी देतात. त्यात डांग्या खोकला नसतो, म्हणून ते चालत नाही. कांजिण्यांच्या लसीचेही दोन डोस लागतात, आणि आपल्याकडे ती अनेकदा राहून गेलेली असते. धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने सूट मिळण्याची सोय कॅलिफोर्नियाने २०१६पासून बंद केली आहे.

तीन, टीबी. सँटा क्लारा काउंटीत प्रवेशासाठी डॉक्टरांनी भरलेला टीबी-जोखमीचा फॉर्म लागतो, आणि भारतात जन्मलेल्या मुलाला चाचणी सांगतातच. आपल्या मुलांच्या दंडावर बीसीजीची खूण असते. त्या लसीमुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग धावपळ. रक्ताची चाचणी मागा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

५. 'घरी कोणती भाषा बोलता?'

फॉर्मवर हा प्रश्न असतो. आपण अभिमानाने 'मराठी' लिहितो, आणि मग पत्र येतं की मुलाची इंग्रजीची परीक्षा होणार. घाबरून बरेच जण पुढच्या मुलाच्या वेळी 'इंग्रजी' लिहितात. गरज नाही. खरं ते लिहा. ही राज्याची परीक्षा पहिल्या तीस दिवसांत होते. इंग्रजी माध्यमातलं मूल ती सहसा सहज पार करतं आणि विषय तिथेच संपतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला जादा इंग्रजीचा वर्ग मिळतो, आणि तो त्याला खरंच हवा असतो.

मराठीचा एक फायदाही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाला (यूसी) इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षं लागतात. सहावी किंवा त्यापुढे दोन वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत चांगल्या मार्कांनी शिकलेल्या मुलाची ही अट तेवढ्यावर पूर्ण होऊ शकते. म्हणजे ज्या गुणपत्रकाची आपल्याला इथे लाज वाटते, त्यानेच स्पॅनिशची दोन वर्षं वाचतात. काउन्सेलर हे आपणहून सांगेलच असं नाही. त्याच्याकडे शेकडो मुलं असतात.

६. विषय निवडणं: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

आपल्या डोक्यात शाळा म्हणजे गणित, विज्ञान, भाषा, आणि उरलेल्या वेळात बाकीचं. इथे तसं नाही. कॅलिफोर्नियाची दोन्ही मोठी सरकारी विद्यापीठं, यूसी आणि कॅल स्टेट, 'ए टू जी' नावाची पंधरा वर्ष-विषयांची यादी मागतात: इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, परकी भाषा दोन, कला एक, आणि आवडीचा एक. प्रत्येकात निदान 'सी'. यूसीत गेलात तर एसएटीचे (कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे) मार्क बघतच नाहीत, त्यामुळे वजन सगळं याच यादीवर आणि त्यातल्या मार्कांवर. यूसीचा जीपीए (ग्रेडची सरासरी) दहावी-अकरावीच्या विषयांवर काढतात, पण नववीत नापास झालेलं दिसतंच.

मोठीची फजिती कलेत झाली. सगळं गणित-विज्ञान जमलं, पण एक अख्खं वर्ष एकाच कलेचं, असं तिच्याकडे काही नव्हतं. आपल्याकडे नववी-दहावीत चित्रकला ग्रेडपुरती. अर्ध वर्ष चित्रकला आणि अर्ध वर्ष नाटक असं जोडून चालत नाही. शेवटी अकरावीत ती सिरॅमिक्सला, म्हणजे मातीकामाला, बसली. नाक मुरडत गेली, आणि मे महिन्यात एक वाकडा, निळसर, बुडाला तडा गेलेला वाडगा घेऊन आली. अजून त्यात आमची कढीपत्त्याची पानं असतात.

गणिताबद्दल सावध राहा. आपल्या दहावीत बीजगणित-भूमिती एकत्र असते. इथे अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी एकामागून एक पायरी. नुसत्या मार्कांवरून मुलाला खालच्या पायरीवर बसवलं जाऊ शकतं. प्लेसमेंट टेस्ट मागा. उलट चूकही होते: शेजाऱ्याचं मूल कॅल्क्युलसला आहे म्हणून आपलंही. मुलाला खरंच त्रिकोणमिती येते का ते घरी आधी बघा.

एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. परीक्षा मे महिन्यात, मार्क एक ते पाच. पहिल्याच वर्षी चार एपी घेतलेलं भारतातून आलेलं मूल मी ऑक्टोबरमध्ये रडताना पाहिलंय. एक घ्या, फार तर दोन. हवं तर जवळच्या डी ॲन्झा कॉलेजात, जे १९६७पासून इथेच आहे, शाळेत असतानाच एखादा विषय घेता येतो. शाळकरी मुलांना त्याची ट्यूशन माफ असते.

तारखेचा खाचखळगा: पुढच्या वर्षाची विषयनिवड आदल्या जानेवारी-फेब्रुवारीत होते. तुम्ही जुलैत येता तेव्हा बँड, सिरॅमिक्स, कॉम्प्युटर सायन्स भरलेले असतात. तरी हार मानू नका. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं विषय सोडतात. नम्रपणे, लेखी, रोज नव्हे पण दर दोन-तीन दिवसांनी विचारत राहा.

७. शाळा कुठून आली, आणि जॉब्सचं काय

होमस्टेड १९६२मध्ये सुरू झालं. तोवर या भागात जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागा होत्या. १९५० च्या दशकात सनीव्हेलला लॉकहीडचं क्षेपणास्त्रांचं काम आलं, बागा विकल्या गेल्या, घरं उठली, आणि मुलांसाठी एकामागून एक शाळा काढाव्या लागल्या: क्युपर्टिनो १९५८, होमस्टेड १९६२, लिनब्रुक १९६५, मॉंटा व्हिस्टा १९६९. मग मुलं कमी झाली तेव्हा १९८१मध्ये सनीव्हेल हायस्कूल बंदही केलं. त्यामुळे आजची हद्द ही कायमची लक्ष्मणरेषा नव्हे.

ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक इथून १९६८मध्ये बाहेर पडले, स्टीव्ह जॉब्स १९७२मध्ये. दोघंही जॉन मॅकॉलम सरांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाचे. शाळेत कॉम्प्युटर नव्हता, तर सरांनी वॉझ्नियॅकला आठवड्यातून एकदा सिल्व्हेनिया कंपनीत प्रोग्रामिंग करायला पाठवायची सोय केली होती. मला या गोष्टीतलं महत्त्वाचं एवढंच वाटतं की तो वर्ग ऐच्छिक होता. आपण ज्याला 'जादा विषय' म्हणून उडवून लावतो त्या रांगेतला.

८. बँड, मैदान आणि न मागता दिलेले पैसे

धाकटा डोंबिवलीत तबला शिकायचा. नववीत त्याला मार्चिंग बँडमध्ये जायचं होतं. होमस्टेडचा बँड या भागात नावाजलेला; शाळेचं चिन्ह मस्टँग घोडा, रंग हिरवा-पांढरा. मला वाटलं ट्रम्पेट विकत आणावा लागेल. बँडमध्ये मैदानाच्या कडेला उभं राहून मरिंबा, झायलोफोन वाजवणारा एक गट असतो. त्यात शिरायला लय लागते, आणि ती त्याच्याकडे होती. ऑगस्टात, शाळा सुरू व्हायच्या आधी, बँड कॅम्प झाला. डांबरावर खडूने आखलेल्या रेघा, एक गॅलन पाण्याचा जग, नाकावर पांढरं सनस्क्रीन. वाजवता वाजवता मोजत पावलं टाकणारी शंभराच्या आसपास मुलं, आणि त्यांच्यामागे मेट्रोनोमची कर्कश टकटक. तो घरी आला आणि म्हणाला, "आई, हे तर तीनतालातच बसतंय, फक्त चारच मात्रांनंतर पुन्हा सम येते."

आता पैशांबद्दल, कारण इथे नवखी माणसं हमखास चुकतात. बँड, नाटक, खेळ यांचं पत्र येतं आणि खाली शेकडो डॉलरचा आकडा असतो. आपण फी समजून मुकाट्याने भरतो, किंवा परवडत नाही म्हणून मुलाला नको म्हणतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सरकारी शाळेला शैक्षणिक कामासाठी फी घेता येत नाही. १९८४च्या निकालात खेळ आणि संगीतही त्यात धरलं गेलं. तो आकडा म्हणजे ऐच्छिक देणगी. देता येत असेल तर जरूर द्या, कारण गणवेश आणि ट्रक त्यातूनच येतात. पण देता आली नाही म्हणून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. आम्ही पहिल्या वर्षी अर्धेच दिले आणि उरलेल्याऐवजी मी फुटबॉलच्या सामन्यांना स्टॉलवर नाचोज विकले. त्या स्टॉलवर माझ्या इथल्या निम्म्या ओळखी झाल्या.

खेळांची गणितं अशी: वर्षाचे तीन हंगाम. फॉलमध्ये (शरदात) अमेरिकन फुटबॉल, क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याची धाव), वॉटर पोलो. हिवाळ्यात बास्केटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), कुस्ती. वसंतात ट्रॅक, पोहणं, बेसबॉल आणि बॅडमिंटन. हो, बॅडमिंटन शाळेचा अधिकृत खेळ आहे, आणि त्याला गर्दी आपल्याच मुलांची, त्यामुळे निवड सोपी नाही. क्रॉस कंट्रीत सहसा कुणाला वगळत नाहीत; नवख्या मुलाला मित्र मिळवायला याहून सोपा रस्ता मला दिसला नाही. क्रिकेट शाळेत नाही, ते बाहेरच्या अकादमीत.

चाचणीच्या दिवशी डॉक्टरांचा फिटनेसचा फॉर्म तयार लागतो, आणि तो दरवर्षी नवा. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही. जूनमध्येच घेऊन ठेवा. अभ्यासात निदान २.०चा जीपीए राखावा लागतो, नाहीतर संघात बसता येत नाही.

एक सावधगिरीची सूचना. सोळाव्या वर्षी मुलं उन्हाळ्यात बोबा टीच्या दुकानात नोकरी करतात आणि शाळा त्यांना 'वर्क परमिट' देते. तो कागद राज्याच्या बालकामगार कायद्याचा आहे. एच-४ व्हिसावरच्या (आईबाबांच्या एच-१बी नोकरीवर आलेल्या) मुलाला पगारी काम करता येत नाही, शाळेने कागद दिला तरीही. लायब्ररीत, मंडळाच्या मराठी शाळेत विनामोबदला मदत करता येते.

९. रोजचं, थोडक्यात

शाळा साडेआठच्या आधी सुरू होत नाही. राज्याचा कायदाच आहे, २०२२पासून. त्याच वर्षापासून सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. शाकाहारी काहीतरी मिळतं, पण रोज बीन बरिटो खाऊन माझा मुलगा कंटाळला आणि पोळी-भाजीवर परत आला. पिवळ्या स्कूलबसच्या भरवशावर घर घेऊ नका. मेरी ॲव्हेन्यूच्या टोकाला २८० महामार्गावरून सायकलींचा पूल आहे, २००९मध्ये बांधलेला; क्युपर्टिनोच्या बाजूने येणाऱ्या मुलांना तो थेट शाळेजवळ उतरवतो. सकाळी आठ वीसला तिथे सायकलींचा मिरवणुकीसारखा थवा असतो.

१०. डिसेंबरचं तिकीट

पहिलं सत्र डिसेंबरच्या सुट्टीआधी संपतं आणि त्या शेवटच्या आठवड्यात फायनल परीक्षा असते. तिकिटं त्याच आठवड्यात स्वस्त दिसतात. 'लग्न आहे' म्हणून सांगितलं की गैरहजेरी आपोआप माफ होईल असं धरून चालू नका. वर्षात तीन पूर्ण दिवस विनाकारण गैरहजर राहिलेलं मूल कायद्याने 'ट्रुअंट' ठरतं आणि घरी पत्र येतं. जास्त दिवस जायचंच असेल तर निघण्याआधी शाळेकडे इंडिपेंडंट स्टडीच्या कराराची चौकशी करा. काम घेऊन जायचं, परत आल्यावर द्यायचं. निघाल्यानंतर विचारलं तर काही होत नाही.

माझ्या भाच्याचं लग्न अठरा डिसेंबरला होतं. मोठीचा रसायनशास्त्राचा पेपर एकोणीसला. तिकीट सप्टेंबरमध्येच काढलं होतं, आणि ते परत न होणारं होतं. शेवटी मी आणि धाकटा गेलो, नवरा आणि मोठी इथे राहिले, आणि लग्न त्यांनी पहाटे उठून झूमवर पाहिलं.